मदत हवी आहे: जुन्या सचित्र तारकानकाशांचं पुस्तक ओळखायचं आणि वाचवायचं आहे

नमस्कार मंडळी,

साताऱ्याच्या काकांच्या कपाटात एक आडवं, चामडी बांधणीचं तारकानकाशांचं पुस्तक सापडलं आहे. नावाचं पान गेलंय, बांधणी पाठीतून सुटलीय, बऱ्याच पानांवर तांबूस डाग आहेत आणि काही कडा कसरीने खाल्ल्यात. चित्रं मात्र अजून इतकी स्वच्छ आहेत की बघत राहावं.

वासुकीचंच पान घ्या. लांबलचक साप पानभर पसरलाय, पाठीवर हस्ताचा कावळा आणि चषक, आणि शेपटीच्या टोकाला चक्क एक घुबड. शेजारी नाव कोरलंय: नॉक्टुआ. त्याच पानावर फेलिस नावाची मांजरही आहे. ताऱ्यांना ग्रीक अक्षरं दिली आहेत. बोट फिरवलं तर चित्राभोवती कागद किंचित दबलेला लागतो.

या घुबडावरून मला वाटतं की हा अलेक्झांडर जेमिसन यांचा 'सेलेस्टियल ॲटलास' असावा, लंडन, १८२२. त्या जागी आधी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल मोनिए यांनी १७७६ मध्ये एक वेगळाच पक्षी बसवला होता, घुबड आणलं ते जेमिसन यांनी. मांजर घुबडाआधीची, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लालांद यांची, १७९९ ची. पुढे १९२२ मध्ये ८८ तारकासमूह अधिकृत ठरले त्यात या दोघांचा निभाव लागला नाही, त्यामुळे आजच्या नकाशांत ते दिसत नाहीत. मूळ पुस्तकात ३० नकाशे होते. माझ्याकडे २७ आहेत, आणि नेमकं मृगाचं पान नाही.

आता अडचणी. जेमिसन यांचंच आहे हे पक्कं कसं करायचं? रंग मूळचे की नंतर कोणी भरलेत, हे कळतं का? एका ओळखीच्यांनी लॅमिनेशन करून घ्या म्हटलं, ते योग्य आहे का? आणि अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतोय, माझ्याकडे पाठव, मी नीट सांभाळीन.

एक व्यापारी पानं सुटी करून, फ्रेम लावून विकायला तयार आहे. पैसे बरे मिळतील, पण ते मी करणार नाही. काकांनी हे पुस्तक जपलं ते पुस्तक म्हणून. एकेक पान वेगवेगळ्या दिवाणखान्यांत गेलं की ते पुन्हा कधीच एकत्र येणार नाही. तेव्हा कृपया विकण्याचे सल्ले नकोत.

प्रतिसाद १

ताई, आधी सर्वात महत्त्वाचं: लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेपही नको. चिकटपट्टीचा गोंद कागदात उतरतो, पिवळा पडतो आणि मग निघत नाही. फाटलेल्या कडांना पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लावतात, कारण ती पुढे पाण्याने सोडवता येते. हे घरी करू नका, कागदसंवर्धन शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. पुण्यात भांडारकर संस्थेत चौकशी करा. त्यांचं मुख्य काम हस्तलिखितांचं, पण योग्य माणूस कोण हे तिथे कळेल.

तोवर पुस्तक उभं ठेवू नका. आडवं ठेवा, पानांमध्ये आम्लविरहित कागद घाला, पेटीत वेखंडाची पुरचुंडी ठेवा पण ती कागदाला टेकू देऊ नका. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश नको.

ओळखीबद्दल. घुबड एकट्याने पुरेसं नाही. १८२४ च्या सुमारास लंडनमध्येच 'युरेनियाज मिरर' नावाचा ३२ पत्त्यांचा संच निघाला, त्यातली चित्रं जेमिसन यांच्यावरूनच घेतली आहेत. अमेरिकेत बरिट यांच्या १८३५ च्या शालेय नकाशांतही हे घुबड आहे. फरक असा की त्या पत्त्यांवर ताऱ्यांच्या जागी भोकं पाडलेली असतात, उजेडासमोर धरलं की तारे चमकतात. बरिट यांचे नकाशे मोजकेच, आणि एकेका पानावर आकाशाचा बराच मोठा भाग. तुमच्याकडे भोकं नसलेली २७ पानं असतील तर जेमिसन यांचीच शक्यता जास्त. कुंभेच्या हातात नाईल नदीचं पाणी मोजायची काठी आहे का पाहा, तीही त्यांनीच आकाशात आणली.

दबलेली कड धातूच्या कोरीव पत्र्याच्या छपाईची. रंग त्यावर हातानेच भरत. भिंगातून बघा: तांबूस डागावरचा रंग वेगळाच शोषला गेलेला किंवा पसरलेला दिसला, तर तो बहुधा नंतरचा.

प्रतिसाद २

परदेशी पाठवण्याबाबत थांबा. पुरावशेष आणि कलावस्तू कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमचं पुस्तक त्यात येतं का, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी घ्या. तोवर चुलतभावाला सगळ्या पानांचे चांगले फोटो पाठवा.

पुण्यात येणार असाल तर ज्योतिर्विद्या परिसंस्थेतही दाखवा. १९४४ पासूनची संस्था आहे, जुने नकाशे आवडीने पाहणारी माणसं तिथे भेटतील.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काठी आहे, कुंभेच्या डाव्या बाजूला, आणि भोकं कुठेच नाहीत. रविवारी भिंग घेऊन रंग बघते आणि फोटो इथे टाकते. मृगाचं पान कोणाकडे चांगल्या प्रतीत स्कॅन केलेलं असेल तर कळवा, त्याची छापील प्रत करून रिकाम्या जागी ठेवायची आहे.