आकाशगंगेतले विद्युतप्रवाह कृष्णद्रव्याची जागा घेतील का?

पंचवटीकर
नाशिकमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांपुढे कृष्णद्रव्यावर (न दिसणारं, फक्त गुरुत्वाने जाणवणारं द्रव्य) बोलायचं आहे. दीर्घिकांच्या कडेचे तारे दिसणाऱ्या वस्तुमानाच्या मानाने फार वेगात फिरतात, म्हणून ते मानतात. 'इलेक्ट्रिक युनिव्हर्स'चे (विश्व गुरुत्वाऐवजी विजेवर चालतं असं सांगणारे) व्हिडिओ बघून आलेली पोरं हमखास विचारणार: बर्कलँड प्रवाह (अवकाशात चुंबकीय रेषांच्या बाजूने वाहणारे विद्युतप्रवाह) खरे आहेत, विद्युतबल गुरुत्वापेक्षा प्रचंड मोठं, मग दीर्घिकेच्या (ताऱ्यांच्या प्रचंड समूहाच्या) कडेचे तारे त्यामुळेच वेगात फिरत नसतील कशावरून? फळ्यावर काय मांडू?

सिन्नरकर
प्रवाह खरे आहेत हे आधीच मान्य करून टाका. ध्रुवीय प्रकाशामागचे प्रवाह दहा लाख अँपिअरच्या घरातले असतात, उपग्रहांनी मोजलेत. मग आकडे मांडा.

ताऱ्यांमधल्या जागेत चुंबकीय क्षेत्र साधारण ५ मायक्रोगॉस, म्हणजे ५ × १०⁻¹⁰ टेस्ला. चुंबकीय दाब (बी वर्ग भागिले २ म्यू-नॉट) येतो १०⁻¹³ पास्कल. वायू घन सेंटिमीटरला एक प्रोटॉन धरा, वेग सेकंदाला २२० किमी; त्याला कक्षेत वळवायला लागणारा दाब साधारण घनता गुणिले वेगाचा वर्ग = ८ × १०⁻¹¹ पास्कल. आठशे पट तफावत! ती भरायला १४० मायक्रोगॉसचं क्षेत्र लागेल.

पोरं गॉसचं टेस्ला करताना गडबडतात. १०,००० ने भागायचं राहिलं, की दाब दहा कोटी पट फुगतो आणि व्हिडिओवाले बरोबर ठरतात.

देवळाली_दुर्बीण
वायूचं झालं, ताऱ्यांचं काय? सूर्य केंद्रापासून २६,००० प्रकाशवर्षांवर. नुसत्या चुंबकीय बलाने त्याला कक्षेत धरायचं तर सूर्यावरचा विद्युतप्रभार = वस्तुमान × वेग ÷ (कक्षेची त्रिज्या × चुंबकीय क्षेत्र), म्हणजे सुमारे ३.५ × १०²⁴ कूलॉम. एवढा धन प्रभार असता तर पृष्ठभागावरच्या प्रोटॉनला बाहेर ढकलणारं बल त्याच्यावरच्या गुरुत्वाच्या १०²² पट झालं असतं. सूर्य उरलाच नसता.

पंचवटीकर
आणि कोणी म्हणालं, फक्त कडेच्या वायूलाच क्षेत्राने धरलंय, तर?

सिन्नरकर
मग त्या वायूतून तारा जन्मला, की ती पकड संपली. तो बाहेर निसटायला हवा. शिवाय क्षेत्राचा आकडा अंदाजपंचे नाही. पल्सारच्या (ठरावीक काळाने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्याच्या) रेडिओ लहरींचं ध्रुवण-प्रतल, म्हणजे त्यांच्या कंपनाची दिशा, वाटेत किती फिरलं, त्यावरून तो निघतो. वायूचा वेग हायड्रोजनच्या २१ सेंमी लांबीच्या रेडिओ लहरींवरून कळतो. ही दोन्ही कामं नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत होतात. पुणे रस्त्यावरच आहे, मुलांना दाखवता येईल.

देवळाली_दुर्बीण
बुलेट समूह विसरू नका (निष्कर्ष २००६चा). दोन दीर्घिकासमूह आदळले, प्लाझ्मा (विद्युतभारित तप्त वायू) मधेच रेंगाळला, चंद्रा दुर्बिणीला क्ष-किरणांत दिसला. गुरुत्वीय भिंगातून (गुरुत्वाने मागचा प्रकाश किती वाकला त्यावरून) काढलेलं बहुतेक वस्तुमान मात्र दोन्ही बाजूंना पुढे निघून गेलेलं. प्रवाह वाहणार प्लाझ्मातूनच ना! ते चित्र मात्र शेवटी लावा, नाहीतर फळ्यावरच्या गणिताकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही.