मदत हवी आहे: स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी पाच बैठकांचे रेडिएशन, मार्करच्या आधारे घ्यावे की एमआर-लिनॅकवर?

नमस्कार. माझ्या मोठ्या बहिणीला (वय ६१) आठ महिन्यांपूर्वी स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात असून तिने आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रोहिणीला अर्ध्याहून अधिक वेढले आहे, त्यामुळे शस्त्रक्रिया करता येणार नाही, असे दोन शल्यचिकित्सकांनी वेगवेगळे पाहून सांगितले. कावीळ उतरावी म्हणून पित्तनलिकेत धातूचा स्टेंट घातलेला आहे. फोल्फिरिनॉक्स या अनेक औषधांच्या केमोच्या बारा फेऱ्या झाल्या; हातापायांना बधिरता आल्यामुळे शेवटच्या चार फेऱ्यांत त्यातले ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध वगळावे लागले. ताज्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली नाही, यकृतात किंवा फुप्फुसांत काही दिसत नाही आणि सीए १९-९ (या कर्करोगाचा माग ठेवणारी रक्तचाचणी) बरेच खाली आले आहे. आता रेडिएशन द्यावे, यावर सर्व डॉक्टरांचे एकमत आहे. प्रश्न ते कसे द्यावे याचा आहे.

पहिल्या रुग्णालयाने नेहमीच्या लिनॅकवर (रेडिएशन देणाऱ्या यंत्रावर) ५ बैठकांत एकूण ४० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचे एकक) सुचवले आहे. त्यासाठी एंडोस्कोपीतून सोन्याचे तीन बारीक मार्कर गाठीत बसवून झाले आहेत. दुसऱ्या मतासाठी गेलो, तेथे एमआर-लिनॅकवर (एमआरआय जोडलेल्या लिनॅकवर) ५ बैठकांतच ५० ग्रे देता येतील, असे सांगितले. दोन्हीकडे "प्रतिमा पाहून अचूक मारा" हेच शब्द कानावर पडले, आणि माझा गोंधळ नेमका त्या शब्दांपाशी आहे.

तो का झाला, ते सांगते. पहिल्या ठिकाणी नियोजनाचा सीटी दोनदा करावा लागला. उपाशीपोटी यायचे, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि ताईने सकाळच्या गोळ्यांबरोबर पेलाभर दूध घेतले होते. तंत्रज्ञाने पडद्यावर भरलेले जठर पाहिले आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावले. नंतर डॉक्टरांनी दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावून दाखवली. मार्कर जवळजवळ जागच्या जागी होते, पण गाठीला वळसा घालून जाणारा ग्रहणीचा (लहान आतड्याच्या सुरुवातीचा) भाग चांगला बोटभर सरकलेला होता. पेलाभर दुधाने एवढा फरक पडत असेल, तर उपचाराच्या पाच दिवसांत आतडे कोठे असेल, हे कोण पाहणार? मार्कर गाठ दाखवतील, मात्र शेजारच्या आतड्याचे काय?

शिवाय ४० आणि ५० ग्रे यांतला फरक कागदावरचाच आहे की त्याला खरोखर वजन आहे? ताईला पाठीत दुखते, त्यामुळे तासभर उताणे पडून राहणे तिला जड जाईल, ही आणखी एक काळजी. या उपचाराच्या जवळून गेलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी रेडिएशन विभागात भौतिकतज्ज्ञ म्हणून काम करतो. मी डॉक्टर नाही, तेव्हा निर्णय आपल्या डॉक्टरांचाच. मी फक्त यंत्राच्या बाजूने सांगतो.

आपण दुधाच्या पेल्यावरून जे ताडले, तेच या उपचाराचे खरे दुखणे आहे. श्वासाबरोबर स्वादुपिंड वर-खाली एक ते दोन सेंटिमीटर, कधी त्याहूनही जास्त हलते. ती हालचाल लयीत होत असल्यामुळे श्वास रोखून, पोटावर पट्टा दाबून किंवा ठरावीक टप्प्यावरच किरण सोडून तिला आवर घालता येतो. जठर आणि आतडे मात्र कोणत्याही लयीला बांधलेले नसतात. वायू झाला, जेवण पुढे सरकले, की त्यांची जागा आणि आकार दोन्ही बदलतात. नेहमीच्या लिनॅकवर टेबलावरच घेतलेल्या कोन-बीम सीटीत हाडे आणि मार्कर स्वच्छ दिसतात, पण पोटातले मऊ अवयव धूसर दिसतात आणि वायूमुळे चित्रावर पट्टे उमटतात. मार्कर बसवले, हे चांगलेच झाले. एकट्या स्टेंटच्या भरवशावर राहू नये, कारण तो सरकू शकतो.

एमआरमध्ये ग्रहणीची कड स्पष्ट दिसते, हा तिचा मोठा फायदा. पण केवळ दिसून भागत नाही. त्या दिवशीच्या चित्रावर डॉक्टर अवयवांच्या कडा नव्याने आखतात, योजना तेथेच पुन्हा बनते, तपासली जाते आणि मगच किरण सुटतात. त्यामुळे बैठक तास-दीड तासापर्यंत लांबते. एमआर नसलेल्या काही नव्या यंत्रांवरही त्या दिवशीच्या सीटीवरून योजना अशी बदलता येते. म्हणून "यंत्र कोणते" यापेक्षा "चित्र जुळले नाही, तर त्या दिवशी तुम्ही काय करता" हा प्रश्न दोन्हीकडे विचारावा. उत्तर सरळ मिळते की आढेवेढे घेतले जातात, यावरूनही बरेच कळते.

मात्रेविषयी. बैठका वेगवेगळ्या असतील, तर ग्रेचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. गाठीवरील जैविक परिणामाच्या आमच्या नेहमीच्या हिशेबाने जुन्या पद्धतीचे २८ बैठकांतले ५०.४ ग्रे सुमारे ६० भरतात, ५ बैठकांतले ३३ ग्रे सुमारे ५५, ४० ग्रे ७२ आणि ५० ग्रे १००. म्हणजे कागदावर दहाचा दिसणारा फरक प्रत्यक्षात बराच मोठा आहे. (पाच बैठकांचे रेडिएशन जहालच असते, हा समजही यातून गळून पडावा, ३३ ग्रेचा परिणाम जुन्या पद्धतीपेक्षा कमीच भरतो.) मात्र ५० ग्रे म्हणजे संपूर्ण गाठीला ५० नव्हे. जेथे आतडे गाठीला चिकटलेले असते, त्या कडेला मात्रा मुद्दाम खाली आणतात, कारण तेथे आतड्याची मर्यादा आधी आणि गाठीची मात्रा नंतर, असाच क्रम असतो. आपल्या ताईंच्या बाबतीत गाठीचा किती भाग पूर्ण मात्रेत येईल, हे दोन्ही योजनांत दाखवायला सांगावे.

पुराव्याचे म्हणाल, तर एमआरच्या मदतीने ५० ग्रे देणाऱ्या स्मार्ट या अभ्यासात १३६ रुग्ण होते आणि आतड्याचे गंभीर त्रास फारच कमी दिसले; पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या लॅप०७ या चाचणीत केमोनंतर ५४ ग्रेचे जुन्या पद्धतीचे केमोरेडिएशन दिल्यावर आयुर्मान वाढले नाही, मात्र गाठ जागेवरच वाढण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले. गाठ जागीच थोपवून धरणे हेही लहान काम नाही, कारण वेदना, अडथळा आणि रक्तस्राव बहुधा तिच्यामुळेच होतात. तरीही अपेक्षा याच मापाने ठेवावी.

प्रतिसाद २

माझ्या वडिलांनी एमआर-लिनॅकवर पाच बैठका घेतल्या, दिवसाआड. यंत्रात शिरण्यापूर्वी शरीरातल्या प्रत्येक धातूची चौकशी होते. पेसमेकर असेल तर आधीच सांगा, आणि स्टेंटचे कार्डही सोबत ठेवा. समोरच्या पडद्यावर त्यांना स्वतःच्या गाठीची रेघ हलताना दिसायची आणि ती चौकटीत राहील एवढाच श्वास धरायचा. रेघ बाहेर गेली की किरण आपोआप थांबत. हा खेळ त्यांना दुसऱ्या दिवशीच जमला. पाठदुखीवर उपाय म्हणून वेदनाशामक पाऊण तास आधी घ्यायचे ठरवून घेतले होते आणि गुडघ्यांखाली उशी मिळाली. ताईंना मधुमेह असून इन्सुलिन चालू असेल, तर उपाशी राहण्याच्या दिवशीचा डोस आधीच विचारून ठेवा. आमची त्यात एकदा धांदल उडाली होती. आम्ल कमी करणारी गोळी पुढे काही महिने चालू ठेवायला सांगितली होती. थकवा बैठका चालू असताना नव्हे, तर संपल्यानंतर आला. शौच काळे झाले, तर वाट न पाहता कळवा, हे तेथील परिचारिकेने बजावून सांगितले होते.

धागाकर्ती

आपण दोघांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. "चित्र जुळले नाही, तर त्या दिवशी काय करता" हा प्रश्न जसाच्या तसा दोन्हीकडे विचारला. पहिल्या ठिकाणी उत्तर सरळ मिळाले: आतडे आखलेल्या मर्यादेच्या आत आलेले दिसले, तर रुग्णाला खाली उतरवून थोडे चालायला लावतात आणि पुन्हा चित्र घेतात, तरीही जुळले नाही, तर बैठक पुढे ढकलतात. योजना त्याच दिवशी बदलण्याची सोय तेथे नाही, आणि म्हणूनच आम्ही ४० वर थांबतो, असे डॉक्टर स्वतःहून म्हणाले. त्या प्रांजळपणाने मला धीर आला. दुसऱ्या ठिकाणी दर बैठकीला योजना नव्याने बनते आणि डॉक्टर पूर्ण वेळ हजर असतात. ताईच्या गाठीचा ग्रहणीला टेकलेला भाग तेथेही पूर्ण मात्रेत येणार नाही, हे त्यांनी चित्रावर बोट ठेवून दाखवले.

कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, पण सारे ताईच्या पाठीवर अवलंबून आहे. काल घरी सतरंजीवर सराव केला. श्वास २२ सेकंद धरता आला. उताणे पडून राहणे मात्र ३५ मिनिटांनंतर अशक्य झाले. वेदनाशामकाची वेळ बदलून आणि गुडघ्यांखाली उशी घेऊन परवा पुन्हा घड्याळ लावणार आहोत.