पोरीच्या तिरळेपणाचं ऑपरेशन: सुन्न करायची सुई उतरल्यावर काय?

दारव्ह्याकडचा बाप:
माही पोरगी सहा वर्षांची, डावा डोळा नाकाकडे जाते. मंगळवारी यवतमाळले ऑपरेशन हाये. डॉक्टर म्हणाले, पूर्ण भूल देऊ, अन् डोळ्याच्या स्नायूजवळ सुन्न करायचं औषध सोडू, म्हणजे उठल्यावर दुखणार नाही. पन ते उतरल्यावर काय? सुट्टी त्याच दिवशी हाये. एसटीनं दारव्हा, मंग मोटारसायकल, अन् शेवटची पांदण पावसानं पार खरडून नेलेली. नेमकं तिथंच पोट्टी रडायले लागली तं काय करू? गावातला एक जण म्हणते, डोळा तपासताना टाकतात तो सुन्न करायचा ड्रॉप आणून ठेव. आणू का?

रिटायर ओटी सिस्टर, वर्धा:
दादा, तो ड्रॉप घरात आणूच नका. पुन्हा पुन्हा टाकला तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा खराब होतो. पोर डोळा चोळतं आणि लागलेलं त्याला कळतही नाही.

सुईतलं औषध कोणतं ते विचारा. नुसतं लिग्नोकेन तास-दोन तासांत उतरतं, ब्युपिव्हाकेन बरेच तास टिकतं. तोवर पापणी जड राहील, त्या डोळ्याला अंधुक दिसेल, घाबरू नका. सुन्नपणा उतरायच्या आत पॅरासिटामॉल पोटात गेलेलं बरं. डोस वजनावर असतो, साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत ६ तास. पण थिएटरात एक डोस दिलेला असू शकतो. त्याची वेळ कागदावर लिहून घ्या, नाहीतर डबल होतो. अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

आणि खरं सांगू? या ऑपरेशननंतर पोरांना उलट्याच जास्त हैराण करतात. त्याचं औषध मागून घ्या. जमलं तर रात्र यवतमाळातच काढा.

पुसदची ताई:
माह्या पोराच्या वेळी आसवं गुलाबी येतात हे आम्हाले कोनीच सांगितलं नोहतं. उशीवर डाग पाहून सासूबाईनं घर डोक्यावर घेतलं! दुखणं कमी, खुपणंच जास्त. पऱ्हाटीचा कण गेल्यावानी. टाके असतात ना. थंड घडी ठेवली की निजायचा. पन दुखणं दिवसेंदिवस वाढलं, पू आला, दिसणं कमी झालं तं घरी बसू नका.

दारव्ह्याकडचा बाप:
झालं ऑपरेशन. ब्युपिव्हाकेन होतं. रात्री यवतमाळलेच साळीकडे थांबलो. दुपारी दोनदा ओकली, मंग गप. थिएटरातला डोस ११ वाजताचा निघाला, बरं झालं इचारलं. म्हणून डॉक्टरनं सांगितल्यापरमानं ५ ले सिरप देल्लं. ८ वाजता म्हणे, "बाबा, खुपते," अन् घडी ठेवल्यावर निजली. सकाळी पांदणीतून आणली, तं हिले डोळ्याची फिकीर नाही, म्हैस व्याली का तेच इचारत होती.