व्हिक्टोरियन काळातली ब्लॅकबेरी तोडणी: साहित्य आणि जॅम

राजवाडा_इंदूर: शाळेच्या प्रदर्शनात व्हिक्टोरियन इंग्लंडमधली ब्लॅकबेरी तोडणी दाखवायची आहे. काय काय मांडू? आणि २९ सप्टेंबरनंतर फळ का खात नसत?

काटेरी_कुंपण: वाकड्या मुठीची काठी हवीच, उंच काटेरी फांद्या खाली ओढायला. टोपली उथळ ठेवा. खोल टोपलीत तळची फळं चेंगरून रस गळतो. पिकलेलं फळ हलक्या हाताने सुटतं, हिसडावं लागलं तर आंबट निघणार. मधला पांढरा गाभा फळातच राहतो, रासबेरीसारखा झुडपावर नाही.

आजीचा_मुरंबा: मायकेलमसला, म्हणजे २९ सप्टेंबरच्या ख्रिस्ती सणाला, सैतान झुडपावर थुंकतो, अशी समजूत होती. खरी गोम ओलीत: उशिराचं फळ पाणचट होतं, बुरशी धरतं.

जॅम मांडणार असाल तर शेजारी सफरचंद ठेवा. पिकल्या ब्लॅकबेरीत पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला घटक) बेताचं, म्हणून किलोमागे दोन आंबट सफरचंदं आणि थोडी लाल, कच्ची फळं. साखर पाऊण किलो, पण फळ शिजून मऊ झाल्यावरच. आधी घातली तर सालं चिवट होतात. १८७४ मध्ये साखरेवरचा कर उठला आणि जॅम गरिबाच्या पावावरही आला.

राजवाडा_इंदूर: इथे ताजी मिळणं कठीण. शहतूत चालेल?

आजीचा_मुरंबा: दिसायला चालेल. जॅमला लिंबू पिळा, नाहीतर पाक होईल.