मदत हवी आहे: जुना डीव्हीआय मॉनिटर आणि नवा फोर-के, एकाच संगणकाला कोणत्या केबलने जोडू?

अक्षरजुळणी_महाल

नमस्कार. मी नागपुरात महालात राहते, घरूनच पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करते. आजवर १९ इंची चौकोनी मॉनिटरवर (१२८० × १०२४) काम झालं. आता २७ इंची फोर-के (३८४० × २१६० ठिपक्यांचा) घेतलाय. जुना काढायचा नाही. नव्यावर पान आणि जुन्यावर लेखकाची मूळ प्रत, असं दोन्ही शेजारी उघडं ठेवायचंय.

संगणकात इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मागे एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट. जुन्या मॉनिटरला निळं व्हीजीए आणि पांढरं डीव्हीआय आहे, नव्याला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट.

नव्यासोबत आलेली एचडीएमआय केबल लावली. चित्र येतं, पण माउसचा बाण अडखळतो आणि पान सरकवताना ओळी धक्के खातात. सेटिंगमध्ये ३० हर्ट्झ (सेकंदाला तीसदा चित्र बदलणं) दिसतं, ६० चा पर्यायच नाही. जुन्यासाठी बर्डीवरच्या एका दुकानातून डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए अशी डबी आणली. चित्र दिसतं, पण अक्षरांच्या कडा फिसकटलेल्या. बारीक टायपात उकार ऱ्हस्व की दीर्घ हे कळायला पडद्याला नाक लावावं लागतं, आणि माझं कामच ते आहे.

दुकानदार म्हणतात, महागाची एचडीएमआय केबल घ्या, ६० येईल. खरंच येईल का? या उन्हात बर्डीवर फेऱ्या मारणं जिवावर येतं, म्हणून एकदाच योग्य ते सांगा.

तारयंत्र

ताई, महागाची केबल घेऊ नका, ६० येणार नाही. अडचण संगणकाच्या बाजूला आहे. सहाव्या पिढीच्या इंटेलमधलं एचडीएमआय १.४ आवृत्तीचं असतं, आणि त्यावर फोर-के ३० हर्ट्झपर्यंतच जातं. ६० साठी दोन्हीकडे एचडीएमआय २.० लागतं. तुमच्याच संगणकाचं डिस्प्लेपोर्ट मात्र १.२ आहे, त्यावरून फोर-के ६० हर्ट्झला आरामात चालतं.

म्हणजे तुम्ही जोडणी नेमकी उलटी करा. नवा मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर, जुना एचडीएमआयवर.

जुन्यासाठी एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला डीव्हीआय-डी अशी साधी केबल मिळते. आत कुठलीही चिप नसते, कारण एचडीएमआयचे चित्राचे संकेत मुळात डीव्हीआयचेच आहेत. व्हीजीए १९८७ सालचं, ॲनालॉग. डबी चित्राचं ॲनालॉग करते, मॉनिटर त्याचं पुन्हा डिजिटल करतो, आणि तुमचे उकार या दोन रूपांतरांत मळतात. डीव्हीआयमध्ये प्रत्येक ठिपका जसाच्या तसा पोचतो. तुमच्या मॉनिटरला सिंगल लिंक (डीव्हीआयचा साधा, एकपदरी प्रकार) पुरे, त्यावर १९२० × १२०० पर्यंत जाता येतं.

रामदासपेठकर

तोवर त्या व्हीजीएवर मॉनिटरचं ‘ऑटो’ बटण दाबून बघा. पांढऱ्या पानावर काळा मजकूर भरून ठेवा आणि मग दाबा. थोडा फरक पडतो.

अक्षरजुळणी_महाल

दाबलं, कडा बऱ्याच सुधारल्या. तरी डीव्हीआयचीच केबल आणते. डिस्प्लेपोर्टची घेताना काय पाहू? दुकानात ‘८के’ लिहिलेल्याही आहेत.

तारयंत्र

८केची गरज नाही. दीड-दोन मीटरची, बऱ्या नावाची साधी केबल घ्या. अगदी स्वस्तातल्या काही केबलींत विसाव्या पिनेची तार दोन्ही टोकांना जोडून ठेवलेली असते. ती वीजपुरवठ्याची पिन आहे, मॉनिटर जोडायच्या केबलीत ती जोडायची नसते. तसं केलं तर मॉनिटरची वीज संगणकात शिरते आणि संगणक बंद करताना-चालू करताना विचित्र वागतो. आणि काढताना टोकावरची कळ दाबून धरा, आतले आकडे अडकलेले असतात. नुसतं ओढलं तर संगणकाची खाच तुटेल.

नवखा_सदर

माझं उलटं आहे. लॅपटॉपला फक्त एचडीएमआय, मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट आणि व्हीजीए. डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय केबल आणली, पडदा काळाच.

तारयंत्र

ती केबल एकाच दिशेने चालते, डिस्प्लेपोर्टच्या संगणकाकडून एचडीएमआयच्या मॉनिटरकडे. तुम्हाला एचडीएमआयकडून डिस्प्लेपोर्टकडे नेणारा, यूएसबीवरून वीज घेणारा कन्व्हर्टर लागेल. घेताना दिशा स्पष्ट विचारून घ्या. वरच्या ताईंच्या एचडीएमआय-डीव्हीआय केबलला मात्र दिशा नसते.

अक्षरजुळणी_महाल

दोन्ही केबली आणल्या. जुना मॉनिटर डीव्हीआयवर सुरेख दिसतोय, वेलांटीची शेपटीसुद्धा स्वच्छ. पण नवा डिस्प्लेपोर्टवरही ३० च दाखवतोय! काय राहिलं असेल?

तारयंत्र

मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जा. काही मॉनिटरांत तिथे डिस्प्लेपोर्टची आवृत्ती निवडता येते आणि कारखान्यातून येताना ती १.१ वर असते. १.१ वर फोर-के ३० च मिळतं. १.२ करा, मग विंडोजच्या प्रगत डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० निवडा. तिथेच नव्याचं स्केल (अक्षरं-चिन्हं किती मोठी दिसावीत ते) १५० टक्के आणि जुन्याचं १०० ठेवा, दोघांचं वेगवेगळं ठेवता येतं. नाहीतर खिडकी इकडून तिकडे नेली की अक्षरं लहानमोठी होतील.

अक्षरजुळणी_महाल

मेनूत १.१ च होतं. बदललं, क्षणभर काळा झाला आणि ६० आलं. बाण आता लोण्यासारखा फिरतोय. तुमचे मनापासून आभार. व्हीजीएची डबी कुणाला महाल-इतवारीकडे हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, देऊन टाकते.