मदत हवी आहे: मराठीतून इंटरनेटवर सीबीटी, पण मागे माणूस असलेली

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहितोय.

धाकट्या बहिणीला वर्षभरापासून घबराट होते. झोप उडाली, मन उदास, घराबाहेर पडणं जवळपास बंद. यवतमाळला मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं, गोळ्यांनी थोडा उतार आहे. जिवाचं बरंवाईट करायचे विचार नाहीत, हे डॉक्टरांनी नीट विचारून घेतलंय. सोबत दर आठवड्याला सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धती) घ्या म्हणाले, ती मात्र नागपूरला. एसटीत बसल्याबरोबर तिची छाती धडधडायला लागते, म्हणजे उपचाराला जाणं हेच तिचं मोठं दुखणं. वरून "स्टँडवर सारे ओळखीचे, दादा, काय सांगू त्याइले?"

म्हणून इंटरनेटवरून होणाऱ्या सीबीटीबद्दल वाचत बसलोय. स्वीडनमध्ये गेऱ्हार्ड अँडरसन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. पेशंट दर आठवड्याला एक पाठ वाचतो, गृहपाठ करतो, थेरपिस्ट लेखी उत्तर देतो. व्हिडिओ कॉल लागतोच असं नाही. आमच्याकडे लाइन गेली की नेटवर्कही जातं, त्यामुळे मला हे फार जमण्यासारखं वाटतं.

पण एक गोष्ट अडते. २०२१ मध्ये नैराश्यासाठीच्या इंटरनेट सीबीटीच्या ३९ चाचण्यांतल्या साडेनऊ हजारांवर लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. नैराश्य सौम्य असेल तर मार्गदर्शकाशिवाय एकट्याने केलेला कार्यक्रमही मार्गदर्शक असलेल्याइतकाच जवळपास उपयोगी. मध्यम किंवा तीव्र असेल तर मार्गदर्शक असलेला सरस. इंग्लंडमधल्या २०१५ च्या मोठ्या चाचणीत संगणकावरच्या सीबीटीने नेहमीच्या उपचारापेक्षा विशेष फायदा दिसला नाही. बहुतेकांनी ती अर्ध्यातच सोडली होती. बहिणीचं नैराश्य मध्यम आहे असं डॉक्टर म्हणाले. नुसतं अ‍ॅप हातात देऊन मोकळं व्हायला माझं मन धजत नाही.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (१४४१६) फोन केला, मराठीत फार आपुलकीने बोलले. तिथे दर आठवड्याला तोच समुपदेशक मिळू शकतो का? कोणाचा अनुभव असेल तर सांगा.

मराठीतून असा पाठ-गृहपाठाचा कार्यक्रम, मागे प्रशिक्षित माणूस असलेला, कोणी वापरलाय का? फी किती, माणूस आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद, जिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी होते) नोंदणीकृत आहे का, हेही लिहा. इंग्रजी तिला वाचता येतं, पण मनातलं लिहायला मराठीच लागते.

आणि मानसोपचारात काम करणाऱ्यांना विचारतो: कार्यक्रम मिळाला पण मार्गदर्शक नाही मिळाला, तर ते काम मी भाऊ म्हणून करावं का? की ती माझ्यापासून काही लपवेल? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला, तिथे गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि समुपदेशक होते. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आमच्या आशाताई समजूतदार आहेत, बहिणीचा त्यांच्यावर विश्वास आहे. त्यांना आठवड्यातून एकदा तिचा गृहपाठ विचारायला सांगितलं तर चालेल का, आणि त्यांनी नेमकं काय विचारावं, काय टाळावं?

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी कळलं तर त्यांच्याशी बोलून ठरवता येईल.