एफएफटी घेतली की ऊर्जा वाढते, हे कुठलं गणित?

गणिती_गडी: कंपनवाल्यांनी काल लिहिलं की पार्सेवलचं प्रमेय (सिग्नलची ऊर्जा वेळेत मोजा की फ्रिक्वेन्सीत, सारखीच येते) पुस्तकात ठीक, खऱ्या डेटावर एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढायची झटपट पद्धत) लावली की ऊर्जा हजार पट होते. वाचून गप्प बसवेना. न्यूमपाय (पायथनची गणिताची लायब्ररी) एफएफटीकडे जाताना भागत नाही, परत येताना एन ने (नमुन्यांच्या संख्येने) भागतं. १, २, ३, ४ घ्या. वर्गांची बेरीज, म्हणजे ऊर्जा, ३०. एफएफटीकडे १०० + ८ + ४ + ८ = १२०. चाराने भागा, आले ३०. प्रमेयाला नावं ठेवण्याआधी एवढं तरी करायचं!

कंपनवाला: चार आकड्यांवर कुणाचंही जुळेल. मी पंपांच्या बेअरिंगची कंपनं मोजतो. हॅन विंडो (रेकॉर्डिंगची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणणारा गुणक) लावावीच लागते, आणि मग एन ने भागूनही ऊर्जा निम्म्याच्या खाली येते.

गणिती_गडी: विंडोने ती आधीच कापलेली असते. हॅनच्या वर्गाची सरासरी ०.३७५, तेवढ्याने भागा. शिखराची उंची वाचायची तर मात्र ०.५ ने. लोक दोन्हीकडे एकच आकडा लावतात आणि बोल पार्सेवलला!

टूपाय_ग्रस्त: कॉलेजात हे सांगतं कोण? पार्सेवलमध्ये ओमेगा (रेडियनमधली फ्रिक्वेन्सी) घेतला की १/२π येतो, हर्ट्झमध्ये येत नाही. का, विचारलं तर "फॉर्म्युला पाठ कर". तोंडी परीक्षेत मला त्यावरच अडकवलं.

जुनी_मास्तरीण: शिक्षकांना झोडपणं सोपं आहे. पार्सेवलचं १७९९ चं काम मालिकांवरचं, इंटिग्रलचं प्रमेय प्लँशरेलचं, १९१० चं. हे सांगायलाही तास पुरत नाही. तरी सिंकच्या, म्हणजे sin(πt)/(πt) च्या, वर्गाचं इंटिग्रल मी दरवर्षी करून दाखवते. टाइममध्ये घाम फुटतो, फ्रिक्वेन्सीत नुसता चौकोन, उत्तर १. ज्याला बघायचंय त्याला दिसतं.

टूपाय_ग्रस्त: "ज्याला बघायचंय"! म्हणजे बाकीची पोरं नापास झाली तरी चालेल?

जुनी_मास्तरीण: माझ्या तोंडी शब्द घालू नका. शंका घेऊन स्टाफरूममध्ये येणाऱ्याला मी कधी परत पाठवलेलं नाही.

टूपाय_ग्रस्त: आमच्याकडे स्टाफरूमच्या दारात उभं राहायचीही भीती वाटायची. तुम्ही असतात तर वेगळं झालं असतं, एवढं मानतो.

कंपनवाला: ०.३७५ ने भागलं. पंप एकसारखा चालतो तेव्हा जुळतंय. सुरू होतानाचं रेकॉर्डिंग मात्र अजिबात नाही.

गणिती_गडी: सुरुवातीचा झटका रेकॉर्डिंगच्या टोकाला असणार आणि हॅन टोकंच दाबते. तिथे सरासरी दुरुस्ती चालत नाही. झटका पूर्ण शमेपर्यंत रेकॉर्ड करा आणि विंडो काढा.

कंपनवाला: बरं, दोष विंडोचा, पार्सेवलचा नाही. झटका विंडोशिवाय मोजतो. एकसारख्या चालीला हॅनच ठेवणार, त्यावर कुणाचं ऐकणार नाही.